शिवी कोणाच्या नावाने?



'बायल्या', 'छक्का', 'हिजडा' हे शब्द या पानावर छापलेले पाहून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. मी शिक्षक आहे. शाळेच्या मैदानावर हे शब्द मला रोज ऐकू येतात. झेल सुटला, मुलगा रडला, मुलींच्या घोळक्यात बसला, की आरोळी आलीच. हटकले तर उत्तर ठरलेले: "सर, गमतीनं म्हटलं."

ज्याच्यावर शब्द फेकला तो मुलगा हिजडा नाही. मग त्याची मान खाली का जाते? कारण हिजडा असणे म्हणजे माणसापेक्षा काहीतरी कमी असणे, हे शिवी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही आधीच कबूल केलेले असते. ही कबुली नसेल तर तो शब्द नुसता आवाज आहे. आणि ज्यांच्या नावाने हा व्यवहार होतो, ते घरातून हाकललेले, लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पोट भरणारे लोक तेथे हजरही नसतात.

हा व्यवहार आपल्या ओळखीचा नाही काय? आपल्या वाडवडिलांच्या जातीचे नाव हे एका समाजाचे नाव होते. तेच नाव सवर्णांच्या घरात मळक्या कपड्यांच्या पोराला खडसावताना शिवी म्हणून येई. पोराला अंघोळ घातली की शिवी सुटे; आपल्याला ती जन्मभर चिकटलेली असे. हे नाते नुसते शब्दांचे नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम उत्तर भारतात लागू झालेल्या या कायद्याच्या पहिल्या भागात आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय होती, आणि दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही. नोंद झालेल्याने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा! कायद्याच्या एकाच पुस्तकात दोघांनाही कोंबले होते.

काही सुशिक्षित म्हणतात, शब्द बदला, 'तृतीयपंथी' म्हणा. अवश्य म्हणावे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा त्यांचा हक्क संविधानाच्या आधारे मान्य केला. त्यानंतर तरी सभ्य शब्द वापरण्यास कोणाची हरकत नसावी. पण गोड शब्दाने काम भागत नाही, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? 'हरिजन' हा काय कडू शब्द होता? तरी १९३८ साली मुंबई विधानसभेत तो शब्द कायद्यात घालण्याचे ठरले, तेव्हा बाबासाहेब व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. नाव दुसऱ्याने दिलेले, आणि तुच्छता जिथल्या तिथे. उलट लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या मराठी आत्मकथनाच्या नावातच 'मी हिजडा' असे सांगून टाकले. त्या म्हणतात तेव्हा ती शिवी राहत नाही.

तेव्हा शब्दात नाही, तर दोष कोठे आहे? विनयपिटकात भिक्खूंसाठी 'ओमसवाद' म्हणजे हिणवून बोलण्याविषयी एक नियम आहे. जात, नाव, गोत्र, धंदा, कसब, रोग, शरीराची ठेवण अशा दहा गोष्टींवरून हिणवणे त्यात दोषास्पद ठरवले आहे. पुढचे बारकाईने वाचा. हिणवण्याच्या हेतूने चांडाळाला चांडाळ म्हटले तरी दोष, आणि त्याच हेतूने क्षत्रियाला क्षत्रिय म्हटले तरी दोषच. शब्द खरा की खोटा हे पाहिलेलेच नाही, हेतू पाहिला आहे. आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या त्या सबबीचाही विचार तेथे झालेला आहे! थट्टेने बोलला तर दोष हलका, त्याला 'दुब्भासित' म्हणतात. पण दोष आहेच.

आपल्या मोर्चांतही हे पाहावे लागते, म्हणून लिहितो. नेभळट अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याची टूम सर्वच पक्षांत आहे, आपल्यातही आहे. नामांतराच्या लढ्यात, १९७८ ते १९९४ या काळात, ज्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या आणि तुरुंगात गेल्या, त्यांच्या हातांत काय होते? बांगड्याच होत्या ना?

आणखी एक गोष्ट घरातली. चालण्याबोलण्यात मुलीसारखा मुलगा, किंवा मुलाकडेच मन ओढ घेणारा मुलगा, आपल्याही वस्तीत जन्मतो. विहाराच्या पायरीवर आपल्या शेजारी बसून तोही त्रिसरण म्हणतो. संध्याकाळी बाप दूरदर्शनसमोर बसलेला असतो, पडद्यावर कोणी पळपुटा दिसतो, आणि बाप हसत हसत तो शब्द उच्चारतो. बापाच्या मनात मुलाविषयी काही नसते. पोरगा ताटावरून उठतो, आई विचारते, "भूक नाही का रे?" आणि तो नाही म्हणतो.