उत्तरभाग आणि उत्तरदायित्व

लोकप्रिय चित्रपटाचा उत्तरभाग आला की एक तक्रार हमखास ऐकू येते : नायक तोच आहे, पण तो आता 'तो' राहिलेला नाही. चाहत्यांचा भाबडेपणा म्हणून समीक्षा ही तक्रार सहसा बाजूला सारते. वस्तुतः तिच्यामागे एक अवघड प्रश्न आहे. व्यक्तिरेखा ही संहितेने रचलेली वस्तू असेल आणि त्या संहितेबाहेर तिला अस्तित्व नसेल, तर दुसरी संहिता तिच्याशी अप्रामाणिक कशी ठरू शकते? नव्या लेखकाने त्याच नावाची दुसरी व्यक्तिरेखा रचली, इतकेच म्हणता येईल. तरीही प्रेक्षकाला आपण फसवले गेलो असे वाटते. या वाटण्याला काही तात्त्विक आधार आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

परंपरेने दिलेले उत्तर सुसंगतीचे आहे. ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'च्या पंधराव्या प्रकरणात पात्राकडून सुसंगतीची अपेक्षा करतो; विसंगत माणूस रंगवायचा असेल तर तोही सुसंगतपणे विसंगत असावा, असे तो सुचवतो. एका नाट्यकृतीच्या मर्यादेत ही कसोटी पुरेशी आहे. परंतु दोन कृतींमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडते तेव्हा ती अपुरी पडते, कारण काळाबरोबर माणूस बदलतो. येथे पॉल रिकर यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केलेला भेद उपयोगी पडतो. माणसाचे 'तोच' असणे दोन प्रकारचे असते. स्वभावविशेष टिकून राहणे हा एक प्रकार; त्याला आपण तद्रूपता म्हणू. स्वभाव, इच्छा, परिस्थिती बदलूनही दिलेल्या शब्दाला जागणे हा दुसरा. त्याला स्वत्व म्हणू. उत्तरभागातील नायकाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा तद्रूपता तपासतो आणि स्वत्व विसरतो, असे मला वाटते.

दोन उदाहरणे घेऊ. 'फर्स्ट ब्लड' (१९८२) या टेड कॉटचेफ यांच्या चित्रपटातील जॉन रॅम्बो व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक आहे. तो आपल्या तुकडीतील एका साथीदाराला भेटायला येतो, तेव्हा युद्धात फवारलेल्या रसायनामुळे झालेल्या कर्करोगाने तो साथीदार मरण पावल्याचे त्याला कळते. पुढे एका गावचा शेरीफ त्याला भटक्या म्हणून हुसकावतो, अटक करतो आणि संघर्ष पेटतो. संपूर्ण चित्रपटात त्या संघर्षात एकच माणूस मरतो. जंगलात पाठलाग करणाऱ्यांना रॅम्बो जखमी करतो, मारत नाही. शेवटी तो रडत कोसळतो आणि स्वतःला कायद्याच्या हवाली करतो. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या मूळ कादंबरीत तर तो मरतो. युद्धाने आपल्याच माणसाचे काय केले, हा या कृतीने समाजाला विचारलेला प्रश्न होता.

१९८५ च्या उत्तरभागात रॅम्बोची सगळी लक्षणे शाबूत आहेत : सुरा, अबोलपणा, जंगलात तग धरण्याचे कौशल्य. युद्धकैद्यांना मागे न टाकण्याची निष्ठाही त्याच्यापाशी आहे. तरीही मूळ प्रश्न येथे नाहीसा होतो. जी हिंसक क्षमता पहिल्या चित्रपटात जखमेचे लक्षण होती, तीच आता जखमेवरचा उपाय बनते. तो शत्रूंना सरसकट ठार करतो आणि त्या मारण्याचा कोणताही माग त्याच्या मनात उरत नाही. हरलेले युद्ध पडद्यावर पुन्हा लढले जाते, आणि विचारलेल्या प्रश्नाऐवजी विजय हाती येतो. तद्रूपता पूर्ण आहे. स्वत्व हरवले आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ल्यूक स्कायवॉकरचे. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मध्ये बहिणीला धोका आहे असे कळताच तो क्रोधाने पित्यावर तुटून पडतो, त्याचा हात तोडतो, मग स्वतःच्या कृत्रिम हाताकडे पाहून शस्त्र फेकून देतो. रायन जॉन्सन यांच्या 'द लास्ट जेडाय' (२०१७) मध्ये तो एका निर्जन बेटावर वैतागलेला म्हातारा आहे. झोपलेल्या भाच्यावर एका क्षणी त्याने भीतीपोटी शस्त्र उगारले होते. भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनीही या चित्रणाशी आपण असहमत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. परंतु तो क्षण १९८३ च्या क्रोधाचाच वारस आहे. आपल्या माणसांवरचे संकट दिसले की हा माणूस आधी शस्त्र उचलतो आणि मग थांबतो. महत्त्वाचे असे की तो त्या क्षणाचा हिशेब देतो. शेवटी शत्रूसमोर तो केवळ प्रतिमारूपाने उभा राहतो, भाच्याची क्षमा मागतो, कुणालाही न मारता आपल्या माणसांना वाचवतो आणि प्राण सोडतो. शस्त्र फेकून दिलेला शब्द येथे पाळला जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. पश्चात्तापाचा एक प्रसंग जोडला की कोणताही बदल समर्थनीय ठरेल काय? ठरणार नाही. बदलाचे बीज पूर्वकृतीत असले पाहिजे, आणि त्याची किंमत नायकाला मोजावी लागली पाहिजे. या निकषावर 'द लास्ट जेडाय' निर्दोष नाही : आशेकडून वैराग्याकडे नेणारी वर्षे त्यात जवळजवळ दाखवलेलीच नाहीत, आणि प्रेक्षकांच्या नाराजीचा न्याय्य भाग तोच आहे.

हा प्रश्न चित्रपटाने निर्माण केलेला नाही. विदर्भातील पद्मपूरशी नाते सांगणाऱ्या भवभूतीने 'महावीरचरिता'त रामाचा पराक्रम रंगवला आणि 'उत्तररामचरिता'त त्याच रामाला पुन्हा उभे केले. तेथे शंबूकावर शस्त्र उचलताना राम स्वतःच्या उजव्या हाताला सीतात्यागाची आठवण करून देतो, आणि अशा हाताला करुणा कोठून, असे विचारतो. त्या कृत्याचे समर्थन आज आपल्याला करता येणार नाही. मात्र आपला आजचा हात कालच्या कृत्यापासून वेगळा नाही, हे तो राम जाणतो. १९८५ च्या रॅम्बोला अशी जाणीव होत नाही.

तेव्हा प्रेक्षकाच्या तक्रारीला आधार आहे, पण ती बहुधा चुकीच्या ठिकाणी केली जाते. पूर्वकृतीने आपल्याला एका माणसाच्या दुःखाचे साक्षीदार केलेले असते. उत्तरभाग त्या साक्षीला खोटे पाडतो तेव्हा अन्याय केवळ एका काल्पनिक नायकावर होत नाही. ज्या खऱ्या सैनिकांच्या वतीने तो बोलला होता त्यांची जखमही विजयोत्सवात बुजवली जाते, आणि टाळ्या वाजवताना आपणही तिच्या विस्मरणात सामील होतो. मराठीत 'उत्तर' या शब्दाचे 'नंतरचे' आणि 'जबाब' असे दोन्ही अर्थ आहेत. उत्तरभागाकडून दुसऱ्या अर्थाची अपेक्षा करणे हा प्रेक्षकाचा अधिकार आहे.