शेजाऱ्याच्या दारातला बर्फ



अमेरिकेतील शिकागो शहरात बर्फ पडतो, तेव्हा घरासमोरचा सार्वजनिक पदपथ मोकळा करण्याची जबाबदारी त्या जागेच्या मालकावर असते. रात्री पडलेला बर्फ सकाळी १० पर्यंत आणि दिवसा पडलेला रात्री १० पर्यंत दूर करावा, किमान ५ फूट रुंद वाट ठेवावी, असा तेथील नियम आहे. नियम सर्वांना एकच. परंतु फावडे हाती घेण्याची वेळ आली की शेजाऱ्याशेजाऱ्यांतील अंतर दिसू लागते.

एकजण आपल्या हद्दीच्या रेषेपर्यंत वाट करून थांबतो. दुसरा आपला बर्फ शेजाऱ्याच्या बाजूला लोटतो. तिसरा ‘उन्हाने वितळेल’ म्हणून घरात बसतो. तुडवलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो आणि सकाळी त्यावरून एखादी वृद्धा घसरते. चौथा मात्र कोणी न सांगता शेजारची वाटही मोकळी करतो, कारण तेथील म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला ते श्रम झेपणारे नसतात.

पवित्र कुरआनने सूरह अन्-नहलमध्ये (१६:९०) न्याय आणि इहसान या दोहोंची आज्ञा दिली आहे. रेषेपर्यंत वाट करणाऱ्याने न्याय केला. त्याला दोष देता येत नाही. बर्फ लोटणाऱ्याने आणि घरात बसणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क मारला. रेषा ओलांडणाऱ्याने इहसान केला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा सांगितल्या आणि वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांतील सर्वांत खालची शाखा म्हटली. खालची पायरी क्षुल्लक नसते. चढणाऱ्याचा पाय प्रथम तिच्यावरच पडतो. वाटेतील काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या एका माणसाला अल्लाहने क्षमा केली, असेही हदीसमध्ये आहे. ती फांदी कोणाच्या दारासमोर होती, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

कोणी म्हणेल, “मी दरवर्षी त्याची वाट मोकळी करतो, तो एकदाही करीत नाही.” ही तक्रार खोटी नाही. पण नाते जोडणारा तो नव्हे जो केवळ परतफेड करतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण नातलगांइतकीच शेजाऱ्यालाही लावून पाहावी. सूरह अन्-निसाने (४:३६) जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तन करण्यास सांगितले आहे. त्याने आधी चांगले वागावे, अशी अट घातलेली नाही. आणि सूरह अल-माऊनमध्ये नमाजविषयी गाफील राहणाऱ्यांच्या पंक्तीत नित्य वापराची साधी वस्तू नाकारणारेही आहेत. शेजाऱ्याला न दिलेले फावडे त्या वस्तूंतच मोडते.

आपल्या मोहल्ल्यात बर्फ पडत नाही. परंतु जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर आडवी लावलेली मोटारसायकल एखाद्या रुग्णाची वाट अडवते, तेव्हा आत सफ सरळ करणाऱ्याने बाहेरच्या वाटेकडेही पाहावे.

अल्लाह आम्हाला शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि त्याहून अधिक देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.