मोकळा पाय, बांधील मन

श्रम वाचविणारे प्रत्येक यंत्र माणसापुढे दोन प्रश्न ठेवते. ते यंत्र आपले काम नीट करते काय, हा पहिला प्रश्न, तो कारागिराचा. वाचलेल्या श्रमांचे माणसाने काय करावे, हा दुसरा. तो नीतीचा, आणि बहुधा तो विचारलाच जात नाही. विहिरीवर मोटर बसली तेव्हा मोट ओढणारे बैल सुटले. गिरणी आली तेव्हा पहाटेचे जाते थांबले. त्या सुटकेचे स्वागत आम्ही मनापासून करतो. परंतु अलीकडे मोटारगाडीत अशी एक सोय आली आहे की, ती अंगमेहनतीबरोबर माणसाचे अवधानही वाचवू पाहते. रस्त्यावरचे अवधान ही आपली खासगी मालमत्ता आहे काय, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

या सोयीचे नाव ‘अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’. अंतर राखणारे गतिनियंत्रण, असे तिला मराठीत म्हणता येईल. चालकाने वेग ठरवावयाचा, पुढच्या वाहनापासून किती अंतर राखावयाचे तेही ठरवावयाचे आणि पाय काढून घ्यावयाचा. गाडीच्या पुढील भागातले रडार आणि पुष्कळ गाड्यांत काचेमागे बसविलेला कॅमेरा पुढच्या वाहनाचे अंतर व वेग सतत मोजत राहतात. ते वाहन मंदावले की आपली गाडी मंदावते. ते बाजूला झाले की आपली गाडी ठरविलेल्या वेगाकडे पुन्हा झेपावते.

या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे. स्थिर वेग राखणाऱ्या मूळ यंत्राचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता बालपणीच अंध झाला होता. त्याचा वकील गाडी चालविता चालविता बोलत असे आणि बोलण्याबरोबर गाडीचा वेग कमीजास्त होत असे. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरने हे यंत्र योजिले, असे सांगतात. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते आपल्या गाड्यांत बसविले. पुढचे वाहन पाहून वेग बदलणारी सुधारित सोय १९९५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने, तर रडारवर चालणारी १९९९ मध्ये जर्मनीच्या मर्सिडीझने आणली. आपल्याकडे २०२१ मध्ये बाजारात आलेल्या आणि पुण्याजवळ चाकण येथे तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीमुळे ही सोय मध्यमवर्गीय कुटुंबांच्या चर्चेत आली. आज पुण्यामुंबईस नोकरी करणारी आपली मुले नाताळला गावी येतात, तेव्हा त्यांच्या गाडीत ती असण्याचा संभव पुष्कळ आहे. म्हणून हा विषय आपल्या घरचा झाला आहे.

प्रथम या यंत्राचे ऋण मान्य करू. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सुमारे ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. शिंक येऊन ओसरेपर्यंत एखादे शेत मागे पडावे, असा हा वेग. याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस दुभाजकास धडकून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. सरळ, एकसुरी रस्त्याने चालकास येणाऱ्या गुंगीची चर्चा त्यानंतर राज्यभर झाली. अशा मार्गावर पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर न कंटाळता राखणारे यंत्र उपकारकच होय. त्यास राग येत नाही. कोणी मागे टाकले म्हणून त्याचा अहंकार दुखावत नाही. पुढच्या गाडीच्या पाठीला नाक लावून हॉर्न वाजविणाऱ्या आमच्या अधीरतेपेक्षा या यंत्राचा संयम अधिक ख्रिस्ती वाटावा, अशी स्थिती आहे! तेव्हा ही सोय वापरणे अनीतीचे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

परंतु समृद्धी महामार्ग परभणी जिल्ह्यातून जात नाही. जालन्यास तो सोडून इकडे वळले की रस्ता बदलतो आणि रस्त्यावरची माणसेही बदलतात. नाताळचे दिवस म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. गोदाकाठच्या गंगाखेड, पाथरी या तालुक्यांत रात्रभर ऊस वाहिला जातो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर; बाहेर आलेल्या वाढ्यांनी जो काही दिवा असेल तोही झाकलेला. त्यामागून बैल जुंपलेली टायरगाडी, उसावर पेंगत बसलेली बाई, तिच्या मांडीवर मूल. चाक निखळले म्हणून अंधारात वाटेतच उभी राहिलेली ट्रॉली, आणि इशारा म्हणून तिच्यामागे ठेवलेले चार दगड. हे आपले महामार्ग आहेत.

आता यंत्राची मर्यादा पाहावी. एका जागी उभे असलेले वाहन, रस्ता ओलांडणारा पादचारी, गुरेढोरे, अरुंद दुचाकी ही दर वेळी ओळखली जातीलच असे नाही, अशी सूचना उत्पादक स्वतःच गाडीबरोबरच्या पुस्तिकेत देतात. चिखलाने वा धुळीने संवेदक झाकला गेला तर यंत्र काम थांबवू शकते. आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल कसा चिकटतो हे परभणीकरांस सांगावयास नको. सर्वांत घातक प्रसंग निराळाच आहे. आपण एका गाडीच्या मागे शांतपणे जात आहोत. त्या गाडीच्या चालकास वाटेत उभी असलेली ट्रॉली दिसते आणि तो झटकन बाजूस होतो. आपल्या यंत्राच्या दृष्टीने पुढचे वाहन गेले, रस्ता मोकळा झाला. तेव्हा ते वेग वाढवू लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. पाय दूर असेल, मन त्याहून दूर असेल, तर तो पाय ब्रेकवर येईपर्यंत किती मीटर संपतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे कोणी म्हणेल, ‘माणूस तरी कोठे निर्दोष आहे? यंत्र त्याच्यापेक्षा पुष्कळ वेळा लवकर ब्रेक लावते.’ हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दक्ष चालकाच्या जोडीस यंत्र असेल तर दोघे मिळून एकट्यापेक्षा अधिक सुरक्षित. अडचण अशी की, यंत्र जोडीस आले की चालक दक्ष राहत नाही. नॉर्मन मॅकवर्थ या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्याकडे टक लावून बसणाऱ्या सैनिकांच्या प्रश्नावरून काही प्रयोग केले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. क्वचितच काही घडते अशा गोष्टीवर पहारा करण्यास बसविलेल्या माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते, असे त्यास आढळले. म्हणजे हात-पाय चालविण्याचे काम, ज्यात माणूस जागा राहतो, ते यंत्राने घेतले; आणि नुसता पहारा करण्याचे काम, ज्यात तो सर्वांत दुबळा, ते त्याच्याकडे ठेविले. म्हणून ‘मी लक्ष ठेवीन’ हा सद्हेतू येथे पुरा पडत नाही. स्वतःची दुर्बलता जाणून आधीच मर्यादा घालून घेणे, हेच शहाणपण.

आपल्या नीतिशास्त्रातील एक जुने तत्त्व येथे उपयोगी पडते. एखादे कृत्य त्या क्षणी स्वेच्छेने झाले नसले, तरी त्याचे कारण आपण स्वेच्छेने स्वीकारले असेल तर जबाबदारी टळत नाही. झोपी गेलेला माणूस झोपेत पाप करीत नाही हे खरे. परंतु झोप येणार हे ठाऊक असता चाकामागे बसण्याचा निर्णय त्याने जागेपणी घेतलेला असतो. तसेच येथे. गाडीपुढे कोणी आले त्या क्षणी लक्ष नव्हते, हे निमित्त झाले. लक्ष काढून घेण्याची मुभा आपण स्वतःस केव्हा दिली, हा खरा प्रश्न. कायद्याची भूमिकाही निराळी नाही. धोकादायक रीतीने वाहन चालविण्याबद्दल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८४ चालकासच जाब विचारते, रडारला नव्हे.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची जी अंगे सांगितली, त्यांत दूरदृष्टी आहे आणि भोवतालचे भान हेही आहे. दूरदृष्टी काही अंशी यंत्रास देता आली. भोवतालचे भान अजून देता आलेले नाही. शाळा सुटण्याची वेळ झाली आहे, चेंडू रस्त्यावर आला म्हणजे मागून मूल येणार, आज आठवडी बाजार असल्याने गावाबाहेर गुरे असणार, हे ओळखण्यास त्या गावाशी माणुसकीचे नाते लागते. ज्याच्याविषयी आस्था आहे त्याचेच भान राहते. या अर्थाने अवधान हे शेजारप्रीतीचे पहिले रूप आहे. व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरील वर्तनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रस्ता हा माणसामाणसांस जोडणारा असावा, प्राणघातक ठरू नये, असे वाहनचालकांस बजावले आहे. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्याचाही रोख हाच की साधन कितीही कुशल असो, नैतिक उत्तरदायित्व माणसाचेच.

एका गोष्टीकडे आपल्या कुटुंबांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस किंवा लग्नकार्यास आपण भाड्याची गाडी करतो. चालक दिवसभर गाडी चालवून आलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘रात्रीच निघू, पहाटेस पोहोचू.’ आता त्यात नवी भर पडू लागेल: ‘गाडी तर स्वतःच वेग सांभाळते, तुला काय त्रास?’ वाचलेले श्रम चालकास विश्रांती म्हणून मिळण्याऐवजी त्याच्याकडून आणखी तास काढून घेण्याचे निमित्त ठरणे, हा अन्याय होय. तो करणारा मालक वा प्रवासी, चाकाला हात न लावताही, घडणाऱ्या अनर्थाचा भागीदार ठरतो.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडके आहे. ही सोय दुभाजक असलेल्या, प्रवेश नियंत्रित असलेल्या महामार्गावर वापरावी. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर, पावसात आणि हंगामात रात्रीच्या वेळी ती बंद ठेवावी. चालू असताना पाय ब्रेकजवळ असावा आणि भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती असावा. शेजारी बसणाऱ्याने झोपू नये, चालकाशी बोलावे. प्रवासात रोझरी म्हणणारी कुटुंबे आम्हांस प्रिय आहेत, परंतु चालकाने डोळे मिटून भक्ती करू नये. त्या वेळी उघडे डोळे हीच त्याची प्रार्थना. ट्रॅक्टर असलेल्या आमच्या शेतकरी बांधवांनीही आपला वाटा उचलावा. ट्रॉलीमागे लावलेली तांबडी रिफ्लेक्टर पट्टी फार महाग नसते, आणि तिच्या अभावी जाणारा जीव कोणत्याही पैशाने परत येत नाही.

यरीहोच्या वाटेवरील जखमी माणसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. याजक आणि लेवी यांनी त्यास इजा केली नाही. ते फक्त अंतर राखून, दुसऱ्या बाजूने निघून गेले. केवळ अंतर राखण्याची परीक्षा असती तर ते दोघेही उत्तीर्ण झाले असते. शमरोनी मात्र वाटेकडे पाहत होता, म्हणून त्यास माणूस दिसला. यंत्राने आमचा पाय मोकळा केला, तर त्या मोकळेपणातून उरलेले लक्ष उसावर पेंगत बसलेल्या बाईचे आहे, तिच्या मांडीवरील मुलाचे आहे, दिवसभर राबून आलेल्या चालकाचे आहे. ते त्यांचे त्यांना पोहोचते करावे, एवढीच आमची विनंती.