हमीचा बाजार

सोरायसिसच्या रुग्णाला दोन तऱ्हेचे उपचारक भेटतात. एक म्हणतो, आजार आटोक्यात ठेवता येईल, समूळ जाणार नाही. दुसरा मुळापासून बरं करण्याची हमी देतो. पहिल्याकडचा रुग्ण दुसऱ्याकडे वळतो आणि टाळता येण्याजोगं बरंचसं नुकसान तिथे सुरू होतं.

मधुमेहाची गोळी जन्मभर घ्यायला आपण कुरकुरत का होईना तयार होतो. त्वचेबाबत तो धीर राहत नाही, कारण रक्तातली साखर चारचौघांत दिसत नाही. कोपरावरचे चट्टे आणि खांद्यावर पडलेले पापुद्रे दिसतात. सलूनमध्ये, लग्नाच्या बोलणीत तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण अंतर ठेवलं जातं. त्यामागे कुष्ठरोगाची जुनी भीती आहे. युरोपातही या दोन आजारांची दीर्घकाळ गल्लत होत असे. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रांनी १८४१ मध्ये ते स्पष्टपणे वेगळे केले. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सोरायसिस तर संसर्गजन्यच नाही. भीती मात्र दोन्हींना पुरून उरली आहे.

लोक रक्त 'अशुद्ध' झालं म्हणतात. प्रत्यक्षात बिघाड रोगप्रतिकारक यंत्रणेच्या इशाऱ्यांत असतो. त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला एरवी सुमारे २८ दिवस लागतात. सोरायसिसमध्ये ते चार-पाच दिवसांत उरकतं आणि थर साचतात. या आजाराच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, धूम्रपान किंवा लिथियमसारखं औषध तिला चेतवतं. खरचटलेल्या जागीही नवा चट्टा उठू शकतो, म्हणून खवले दगडाने घासणं अंगाशी येतं. प्रवृत्ती पुसता येत नाही, पण आजार कधी महिनोन्‌महिने आपोआप ओसरतो. त्या वेळी जो काढा चालू असेल, त्याला श्रेय मिळतं. हमी देणाऱ्याचं दुकान यावरच चालतं.

काढ्याहून घातक लेबल नसलेली पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याने अंग झपाट्याने स्वच्छ होतं. ते थांबलं की आजार उसळतो. कधी अंगभर लाली येते, कधी पुवाचे फोड उठतात आणि रुग्णालय गाठावं लागतं.

आटोक्यात ठेवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. मलमं आहेत, ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण आहेत, मेथोट्रेक्सेट हे औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. क्षयाची तपासणी करूनच द्यायची नवी जैविक इंजेक्शनं अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ करतात. अडचण किमतीची आहे. हे सारं समजावून न सांगता 'जाणार नाही' एवढंच म्हणणारा डॉक्टरही रुग्णाला हमीच्या बाजारात ढकलतो.

योग्य उपचाराला झालेल्या उशिराची सर्वांत मोठी किंमत सांध्यांना मोजावी लागते. सोरायसिसच्या जवळपास ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना त्याच्याशी जोडलेला संधिवात होतो आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. नखांवरचे बारीक खड्डे ही त्याची एक आगाऊ खूण. तेव्हा 'डाग गेले का?' हे विचारणं घरच्यांनी थोडं कमी करावं आणि 'सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?' हे जरूर विचारावं. पहिल्या प्रश्नाने रुग्ण ओशाळतो. दुसऱ्याने त्याचे हात वाचू शकतात.