पायथ्याशी ठेव

गेल्या महिन्यात माझ्या भाच्यासाठी मी एक भुयार तयार केलं. सेकंडहँड घेतलेल्या स्विचवर, दोन रविवार घालवून. अकरा खोल्या, चार कुलपं, शेवटी एक राक्षस. त्याने ते खेळायला घेतलं, तिसऱ्या खोलीत तीनदा मेला, चौथ्यांदा कसाबसा पुढे सरकला आणि स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, "मामा, इथे कोणीच राहत नाही का?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण तो प्रश्न अजून डोक्यात आहे.

गेमचं नाव 'लिंक्स अवेकनिंग'. १९९३ साली तो निन्टेंडोच्या गेमबॉयवर आला, हिरवट-करड्या इवल्याशा पडद्यावर. २०१९मध्ये तो स्विचसाठी नव्याने घडवला गेला. नव्या आवृत्तीत बेट तेच, रस्ते तेच, माणसं बोलतात तेही जवळपास तेच. चित्रं मात्र चकचकीत खेळण्यांसारखी झाली. आणि एक खरोखर नवी गोष्ट आली : डाम्पे नावाच्या माणसाची झोपडी. आपण मूळ गेममधली भुयारं पार केली की त्यातल्या खोल्या आपल्याला मिळतात. त्या झोपडीत बसून, दाराला दार जुळवत, आपण आपलं स्वतःचं भुयार रचायचं.

लोकांनी या झोपडीला नाकं मुरडली, आणि त्यात तथ्य आहे. शत्रू कुठे उभा करायचा, पेटीत काय ठेवायचं हे आपल्या हातात नसतं. खोल्या तयार असतात, आपण त्या फक्त जोडतो. पण मला पडलेला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. दुसऱ्या कोणी पूर्ण करून ठेवलेल्या कलाकृतीत आपण भर घालावी का? आणि घालायची तर कुठे?

या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यात कडक उत्तर एकनाथांनी देऊन ठेवलंय. ज्ञानेश्वरी शके १२१२मधली. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत हातोहात नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले, कोणी कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी ताकीद दिली : यापुढे यात कोणी स्वतःची ओवी घालेल, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. शिव्याशाप नाहीत, फक्त ताटातली ती विजोड करवंटी डोळ्यांसमोर उभी केली.

शाळेत हे ऐकलं तेव्हा वाटलं होतं, झालं, विषय संपला. अभिजात गोष्टीला हात लावायचा नाही.

पण त्याच ओवीचं दुसरं घर आहे जातं. पहाटे दळता दळता बायकांनी ओवीला ओवी जोडली. आईची घेतली, सासरी नेली, तिला आपल्या भावाचं, आपल्या गावाचं, आपल्या दुःखाचं शेपूट लावलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. तिथे कोणी ओवी जोडली नसती, तर ती परंपरा एका पिढीत मेली असती. ज्ञानेश्वरीत घातलेली ओवी ही घुसखोरी, आणि जात्यावर न घातलेली ओवी हा कद्रूपणा. असं कसं?

मला वाटतं, नाथांचा राग भर घालण्यावर नव्हताच. ते स्वतः भरभरून लिहिणारे. भावार्थ रामायण त्यांनी लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं आणि परंपरा सांगते की त्यांचा शिष्य गावबा याने ते पूर्ण केलं. त्याला कोणी करवंटी म्हणत नाही, कारण नाथ कुठे थांबले आणि गावबा कुठे सुरू झाला हे माहीत आहे. राग होता तो मिसळण्यावर. आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवण्यावर. वाचणाऱ्याला कळूच नये की हे कोणाचं, यावर.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी टेंभीपाड्यात कळलं होतं, फक्त तेव्हा ते कळलंय हे कळलं नव्हतं.

भांडुपला डोंगराच्या उतारावर आमची चाळ होती. दिवाळीत किल्ला व्हायचाच. उतारावरची माती, विटांचे तुकडे, गोणपाट, वर पेरलेले हळीव. एका वर्षी राजगड ठरला. माझ्या मावसभावाने गडाच्या माचीवरून प्लास्टिकची लोकल सोडली आणि शेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली : भांडुप. आम्ही पोट धरून हसलो. चाळीतले अण्णा दूध घेऊन येत होते, ते थांबले. आता ओरडणार, असं वाटलं. ते उकिडवे बसले, लोकल उचलली आणि म्हणाले, "गाडी झकास आहे रे. पण गडावर नको. पायथ्याशी ठेव."

आम्ही ठेवली. किल्ला आणखी चांगला दिसायला लागला. वर महाराजांचा गड, खाली आमचं स्टेशन, आणि दोन्हींमध्ये चढून जायची वाट. कोणाचं काय ते स्पष्ट, तरी दोन्ही एकाच मातीचं.

डाम्पेची झोपडी म्हणजे हेच आहे. तुम्ही रचलेलं भुयार मूळ भुयारांना धक्का लावत नाही. ते गडावर चढत नाही, पायथ्याशी राहतं. शिवाय ज्या खोल्या तुम्ही स्वतः पार केल्यात, मुख्यतः त्याच तुम्हाला रचायला मिळतात. आधी चालून ये, मग बांध. अट म्हणून मला ती पटते.

मग भाच्याच्या प्रश्नाने मी का अस्वस्थ झालो? एक कारण सरळ आहे. ते भुयार मी त्याला देण्याआधी स्वतः एकदाही खेळलो नव्हतो. एकेक खोली मी पार केलेली होती, पण ती या क्रमाने नाही. मोजक्या जिवावर लागोपाठ तीन अवघड खोल्या पार करणं काय असतं, हे मला माहीत नव्हतं. निन्टेंडोच्याच 'सुपर मारिओ मेकर'मध्ये नियम होता : तुम्ही बनवलेली पातळी जगासाठी टाकायची तर आधी ती स्वतः पार करून दाखवा. आयुष्यात किती नियम या एका नियमाने सुधारतील, याची यादी तुम्हीच करा. फॉर्म बनवणाऱ्याने आधी तो रांगेत उभं राहून भरावा, इथून सुरुवात करता येईल.

दुसरं कारण खोल आहे. (गेम खेळायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

मूळ बेट हे एका झोपलेल्या माशाचं स्वप्न आहे. त्याला जागं केल्याशिवाय तुम्हाला घरी जाता येत नाही, आणि तो जागा झाला की बेट नाहीसं होतं. गाणं म्हणणारी मॅरिन, दुकानदार, अंगणातली पोरं, सगळं. म्हणजे प्रत्येक भुयार पार करताना तुम्ही या माणसांच्या शेवटाकडे एक पाऊल टाकत असता. १९९३च्या त्या चिमुकल्या गेमचं वजन इथे आहे. माझ्या भुयाराने कोणाचं काही जात नाही. तिथे कोणी राहत नाही, म्हणून कोणी हरवत नाही. रचनेचं स्वातंत्र्य मला मिळालं, परिणाम मात्र मिळाला नाही.

तरीही मी झोपडीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण गेमबाहेरचं आहे. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. तीही एक नवी आवृत्तीच. घर मोठं, लिफ्ट, रात्री पाणी भरायला उठणं नाही. तक्रार करायला तोंड नाही. पण त्या आराखड्यात राहणाऱ्याने काही जोडावं अशी वीतभर जागा नाही. दिवाळीत सोसायटी प्लास्टरचा तयार किल्ला आणून लॉबीत ठेवते. सुंदर असतो. हात लावू नये अशी पाटी असते. तो पाहताना मला डाम्पेची अर्धवट झोपडी श्रीमंत वाटते. बनवणाऱ्यांना निदान सुचलं तरी, की येणाऱ्यालाही काही रचावंसं वाटेल.

या वर्षी सेक्रेटरींकडे अर्ज दिलाय : पार्किंगच्या मागचा कोपरा, चार दिवस, माती आम्ही आणू, आम्हीच उचलू. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न मावळे किती, असा विचारला. मग म्हणाला, "आणि नंतर?"

"भाऊबीजेनंतर मोडायचा."

"आपणच?"

"आपणच."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मावळे आधी काढून ठेवू."