परवान्यावरचा शेरा

12 मे 2023 रोजी तळेगाव दाभाडे नगर परिषदेच्या दारात भरदिवसा गोळ्या झाडून आणि वार करून एका कार्यकर्त्याचा खून झाला. त्याआधी ऑक्टोबर 2016 मध्ये याच गावचे माजी नगराध्यक्ष आणि ऑक्टोबर 2020 मध्ये लोणावळ्यात शिवसेनेचे माजी शहरप्रमुख असेच मारले गेले. खुनानंतर पोलीस धावतात, आरोपी पकडतात. मला काळजी आहे ती पिस्तूल चालण्याआधीच्या दिवसांची.

तळेगाव आणि लोणावळा ज्यात येतात त्या मावळ तालुक्यात पिस्तुलाचं नातं जमिनीशी आहे. द्रुतगती मार्ग झाला, एमआयडीसी आली, पवनेकाठी बंगले उठले, गुंठ्यांचे भाव चढले. त्याबरोबर ताब्याची भांडणंही वाढली. अशा भांडणात कमरेचा घोडा झाडावा लागत नाही, नुसता दिसला तरी शेतकरी मागे सरतो. शेजारच्या मुळशीत 2023 मध्ये शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवलं गेलं, तेही परवान्याचं. गुन्हा दाखल झाला तो जुलै 2024 मध्ये, त्याची चित्रफीत गाजल्यावर.

गावठी कट्टा पकडणं हे पोलिसांना आपलं काम वाटतं आणि ते काम ते करतात. सापळा रचला, एक पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं, फोटो. पण तपास बहुतेकदा बाळगणाऱ्यापाशीच थांबतो. मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावात ते घडवणारा आणि मधला विकणारा मोकळे राहतात. पुढे न्यायवैद्यक अहवाल हवा, शस्त्र अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, आणि तोवर पंच फितूर.

शस्त्र परवान्याकडे मात्र पोलीस टपालाचा कागद म्हणून पाहतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कलम 13 प्रमाणे अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. लोणावळा, कामशेत, वडगावचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. तळेगावचा 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तांकडे. तालुका एक, टेबलं दोन. पण कोण कुणाच्या गाडीत फिरतो, कुणाचा कुठल्या जमिनीवर डोळा आहे, हे ठाण्यालाच ठाऊक असतं. ‘हरकत नाही’ हा शेरा तिथे लिहिला जातो. नकार देणं सोपं नाही, हे मान्य. पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना 2025 मध्ये थेट गृहराज्यमंत्र्यांकडच्या अपिलात मंजूर झाला. तरी पुणे आयुक्तालयाने तो दिला नाही. तो ताठपणा मला मोलाचा वाटतो.

शस्त्राची ही शिस्त पोलिसांच्या बंदुकीलाही लागू आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. मावळ ते विसरलेला नाही, आणि पोलिसांनीही विसरू नये.

परवान्याच्या अर्जावर नकार द्यायचा असेल, तर ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी तो कारणांसह लिहावा आणि वरिष्ठांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. मावळकरांनो, जमिनीच्या बोलणीत पिस्तूल दिसलं, तर चित्रफीत गाजायची वाट पाहू नका. त्याच दिवशी तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या.