फाट्यावरचा मुक्काम

देवगाव फाट्यावर आबा आणि नातू सेलूच्या एसटीची वाट बघत बसले होते. नातवाच्या बोटांवर कलमं बांधताना लागलेल्या चिकाचे काळे डाग होते. दहावीचा निकाल लागला होता.

"आबा, वर्गातली सगळी पोरं लातूरला शिकायला चाललीत. मीही जातो. सगळे जातात म्हणजे रस्ता बरोबरच असंल ना?"

आबांनी चहा बशीत ओतला. सारा जन्म त्यांनी भूगोल शिकवला होता.

"१८०५ चा जून. लुइस आणि क्लार्क नावाचे दोघे शोधक तीसेक माणसं घेऊन अमेरिकेत मिसुरी नदीनं पश्चिमेकडं निघाले होते. त्यांच्या नकाशात पुढचा बराच भाग कोरा. एके ठिकाणी नदीला असाच फाटा लागला. चुकीची नदी धरली तर अख्खा उन्हाळा वाया, अन् डोंगरात बर्फ गाठणार."

"मग कुठली धरली?"

"उत्तरेची गढूळ होती. वर्षभर ज्या पाण्यातून होड्या ओढल्या, तसलीच. सगळे म्हणाले, हीच मिसुरी. क्रुझात नावाचा मुरलेला नावाडी होता, त्याचंही तेच. दक्षिणेची मात्र नितळ, तळाला गुळगुळीत गोटे. दोघा म्होरक्यांना वाटलं, डोंगरातून येणारी नदी अशीच असणार. पण नुसतं वाटलं म्हणून त्यांनी हुकूम सोडला नाही. एकेका नदीच्या काठानं एकेक जण स्वतः चालत गेला. लुइस पावसात, चिखलात घसरत पाचव्या दिवशी परतला. हिवाळ्यात तिथल्या हिदात्सा आदिवासींनी खूण सांगितली होती, खऱ्या मिसुरीवर मोठा धबधबा लागेल. तीही ताडून बघितली. मग दक्षिणेची धरली."

"अन् बाकीचे?"

"त्यांना अजून उत्तरेचीच खरी वाटत होती. तरी हसतमुखानं निघाले."

"धबधब्यापेक्षा मला ही माणसं मोठी वाटतात," आबा म्हणाले. "आपल्या म्होरक्यांचे चिखलानं भरलेले पाय त्यांनी पाहिले होते, म्हणून ती निघाली असावीत."

मग ते पुढं सांगू लागले, "१३ जूनला लुइस पुढं चालत होता. आधी गर्जना ऐकू आली, मग माळावर धुरासारखे तुषार दिसले."

नातू बराच वेळ बोटांवरचे डाग खरवडत राहिला.

"लातूर वाईट नाही रे," आबा म्हणाले.

"तसं नाही आबा. परभणीचं कृषी विद्यापीठ आत जाऊन बघू देतात का?"

सेलूची एसटी वळणावर दिसली. आबांनी पिशवी उचलली.

"सेलूहून रेल्वे आहे. आजच जाऊ."